वाचक विचारतात : पॅरिसचा व्हियोम आणि कोकणातली व्हायोलिने

मागील अंकातील व्हायोलिनविषयीच्या लेखावर किनारपट्टीच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी अनेक पत्रांत एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्हायोलिनकार जाँ-बाप्तिस्त व्हियोम याच्याविषयी विचारणा होती, म्हणून या वेळचे सदर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : आमचे आजोबा मुंबईला नाटक कंपनीत व्हायोलिनची साथ करीत असत. त्यांचे वाद्य इतकी वर्षे माळ्यावर पेटीत पडून होते. एफच्या आकाराच्या छिद्रातून बॅटरीने आत पाहिले असता एक पिवळट चिठ्ठी दिसते. तिच्यावर जाँ-बाप्तिस्त व्हियोम, पॅरिस, र्‍यू क्र्वा-दे-पेती-शाँ असा मजकूर असून खाली १८६७ हे साल आहे. एका परिचितांच्या मते याची किंमत काही लाखांत जाईल. हा कारागीर कोण, आणि हे व्हायोलिन त्याचेच समजावे काय? जवळून घेतलेले फोटो सोबत पाठवीत आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आधी माणसाविषयी सांगतो, कारण त्याची हकीकत कळली की आपल्या चिठ्ठीचा उलगडा बराचसा आपोआप होईल.

व्हियोमचा जन्म ७ ऑक्टोबर १७९८ रोजी फ्रान्सच्या व्होज भागातील मिरकूर या गावी झाला. मिरकूर हे वाद्यकारांचे गाव होते. तिथे घरोघरी व्हायोलिने घडत आणि मुलगा हाताशी आला की त्याला पटाशी आणि रंधा मिळे. अशा घरात शिकून १८१८ साली तो पॅरिसला फ्रांस्वा शानो याच्याकडे कामाला लागला. शानो मूळचा नौदलाचा अभियंता. कोपरे नसलेले, गिटारसारख्या बांध्याचे व्हायोलिन त्याने काढले होते. ते चालले नाही, पण वाद्याचा आकार असाच का, असा प्रश्न विचारण्याची सवय तरुण व्हियोमला याच कारखान्यात लागली असावी, असे मला त्याचे पुढचे काम पाहता वाटते. १८२१ मध्ये तो सिमाँ लेते याच्या दुकानात गेला, १८२५ मध्ये त्याचा भागीदार झाला आणि १८२८ मध्ये त्याने र्‍यू क्र्वा-दे-पेती-शाँ या रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले. तोवर, १८२७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, त्याला रौप्यपदक मिळालेले होते. पुढे १८३९ आणि १८४४ मध्ये सुवर्णपदके, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात सर्वोच्च पदक आणि त्याच वर्षी फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा सन्मान, असा त्याचा चढता आलेख आहे. १९ मार्च १८७५ रोजी तो पॅरिसमध्ये वारला, तेव्हा त्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाद्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती.

आता आपल्या चिठ्ठीकडे वळू. व्हियोमने १८५८ मध्ये शहरातले दुकान सोडले आणि तेर्न या त्या वेळी पॅरिसच्या वेशीबाहेर असलेल्या भागात, र्‍यू दमूर या रस्त्यावर कारखाना नेला. त्यानंतरच्या त्याच्या चिठ्ठ्यांवर हा नवा पत्ता येतो. आपल्या चिठ्ठीवर पत्ता जुन्या दुकानाचा आणि साल १८६७ चे आहे. म्हणजे दुकान हलल्यानंतर नऊ वर्षांनी तो जुनाच पत्ता छापत होता, असे मानावे लागेल. एवढ्या एका विसंगतीनेच चिठ्ठी संशयास्पद ठरते.

दुसरा पुरावा आपल्या फोटोतच आहे. व्हायोलिनच्या कडेला समांतर जाणारी काळी दुहेरी रेघ आपण पाहिली असेल. तिला पर्फलिंग म्हणतात. चांगल्या वाद्यात ती रेघ नसते, ती लाकडाच्या तीन बारीक पट्ट्यांची जडवणूक असते: कडेलगत खाच कोरून काळी, पांढरी, काळी अशा पट्ट्या सरसाने आत बसवलेल्या असतात. कडेला धक्का लागून तडा गेला तर तो आत सरकण्याआधी या पट्टीशी अडतो, हा तिचा खरा उपयोग आहे. आपल्या व्हायोलिनच्या पाठीच्या फोटोत, खालच्या डाव्या कोपऱ्याशी जिथे व्हार्निश झिजले आहे, तिथे ती रेघही व्हार्निशबरोबर पुसली गेलेली स्पष्ट दिसते. जडवलेली पट्टी पुसली जात नाही. ती शाईने ओढलेली आहे, आणि असे काम व्हियोमच्या कारखान्यातून बाहेर पडणे शक्य नव्हते.

मग चिठ्ठी आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मिरकूर येथे आणि जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन येथे स्वस्त व्हायोलिने फार मोठ्या प्रमाणावर तयार होत आणि जगभरच्या बंदरांत जात. त्यांत इटलीतील क्रेमोना गावचे जुने थोर व्हायोलिनकार स्त्रादिव्हारी, ग्वार्नेरी, आमाती, तसेच व्हियोम यांच्या नावांच्या छापील चिठ्ठ्या चिकटवण्याचा सर्रास रिवाज होता. घेणाऱ्यालाही त्या काळी हे ठाऊक असे; चिठ्ठीचा अर्थ ‘या नमुन्यावर केलेले’ एवढाच घेतला जाई. घेणारा गेला, वाद्य वारसांकडे आले आणि चिठ्ठीचा मूळ अर्थ हरवला, असे पुष्कळ घरांत झाले आहे. जाता जाता एक खूण सांगतो, ती इतरांनाही उपयोगी पडेल: चिठ्ठीवर इंग्रजीत देशाचे नाव छापलेले असेल तर वाद्य बहुधा १८९० नंतरचे असते, कारण अमेरिकेच्या त्या सालच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले.

खऱ्या व्हियोमची ओळख पटवायची झाल्यास जाणकार चिठ्ठी शेवटी पाहतात. त्याच्या बहुतेक वाद्यांना अनुक्रमांक आहे; तो आत, पाठीच्या फळीच्या मध्यावर लिहिलेला असतो. वरच्या भागात त्याची लपेटदार सही आणि सालाचे शेवटचे दोन आकडे आढळतात. आत सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा डागून उठवलेला शिक्का असतो, आणि वरच्या फळीच्या सांध्यावर, तारा पेलणाऱ्या घोडीच्या खाली, बहुधा एक काळा ठिपका दिसतो. याखेरीज कडांची जाडी, स्क्रोलची, म्हणजे मानेच्या टोकाच्या वेटोळ्याची, कोरणी, नारिंगी-तांबड्यापासून तांबड्यापर्यंत जाणारे व्हार्निश, हे सगळे हाताखालून शेकडो वाद्ये गेलेल्या माणसानेच पाहावे लागते. फोटोवरून ‘हे नव्हे’ असे खात्रीने सांगता येते. ‘हे तेच’ असे कोणी फोटोवरून सांगत असेल तर त्यावर विसंबून पैसे मोजू नयेत.

आपल्या आजोबांचे वाद्य म्हणजे व्यापारासाठी केलेले, बहुधा जर्मन, साधे व्हायोलिन आहे. वरची फळी सरळ, दाट रेघांच्या स्प्रूसची (थंड प्रदेशातील सूचिपर्णी झाडाची) दिसते, आणि नाटकाच्या साथीला ते वर्षानुवर्षे वाजले आहे हे तारा दाबायच्या पट्टीवरच्या झिजेवरून उघड आहे. साउंडपोस्ट (दोन फळ्यांच्या मध्ये आत उभी असणारी लाकडी दांडी) आणि घोडी नव्याने बसवून घेतल्यास ते पुन्हा वाजेल. ते जरूर वाजते करून घ्यावे.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकते. व्हियोमने जुन्या इटालियन व्हायोलिनांच्या हुबेहूब नकला केल्या आणि खुद्द पागानिनीलाही फरक ओळखता आला नाही, असे आमच्या गुरुजींनी सांगितले. मग त्याला थोर कारागीर का म्हणायचे? नक्कल करणाऱ्याला आपण एरवी असा मान देत नाही. (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही.

पागानिनी या विख्यात इटालियन व्हायोलिनवादकाची हकीकत अशी सांगतात. त्याचे आवडते व्हायोलिन म्हणजे १७४३ साली ग्वार्नेरी देल जेझूने केलेले ‘कानोने’, म्हणजे तोफ. आवाजाच्या जोरामुळे हे नाव पडले. ते दुरुस्तीसाठी १८३३ च्या सुमारास व्हियोमकडे आले असता त्याने त्याची प्रतिकृती केली आणि दोन्ही व्हायोलिने पागानिनीसमोर ठेवली. नुसते पाहून त्याला मूळ कोणते ते सांगता येईना. वाजवल्यावर आवाजातल्या बारीक फरकावरून त्याने आपले ओळखले. ही प्रतिकृती पुढे त्याचा शिष्य कामिल्लो सिव्होरी याच्याकडे गेली आणि त्याने ती आयुष्यभर मैफलींतून वाजवली. आज मूळ आणि प्रतिकृती दोन्ही इटलीतील जेनोवा शहराच्या मालकीची आहेत. हकीकतीतला पहिला भाग सांगणाऱ्यांच्या तोंडी थोडा वाढला असेलही. पण सिव्होरीसारख्या पहिल्या प्रतीच्या वादकाने ते वाद्य जन्मभर जवळ बाळगले, ही गोष्ट मला फरक ओळखू न येण्यापेक्षा अधिक बोलकी वाटते. मैफलीत वाजवणारा माणूस दिसण्यावर भाळून वाद्य निवडत नाही.

तो नकलांकडे वळला त्याचे कारण बाजारात होते. १८२० च्या दशकात पॅरिसच्या वादकांना जुनी इटालियन वाद्ये हवी होती आणि नव्याकडे कोणी पाहत नव्हते. व्हियोमने नव्या वाद्यालाच जुन्याचे रूप दिले: कोपरे झिजवले, हनुवटी आणि हात लागतो तिथले व्हार्निश पातळ केले, वापराचे ओरखडे उमटवले. आत स्त्रादिव्हारीच्या चिठ्ठीची प्रतही लावली. मात्र त्याच वाद्यात त्याचा स्वतःचा क्रमांक आणि सहीदेखील असे, आणि दुकानात ते व्हियोमची प्रतिकृती म्हणूनच विकले जाई. फसवणूक आणि प्रतिकृती यांतली सीमारेषा इथे आहे. तरीही मला ही रीत पूर्णपणे निर्दोष वाटत नाही. स्वतःच्या हयातीत तो सांगू शके की हे वाद्य कोणाचे. पण सही आत आणि चिठ्ठी छिद्रासमोर असेल तर पुढच्या पिढीतला लबाड विक्रेता काय करील, हे कळण्याइतका तो बाजारात मुरलेला होता.

आता त्याच्या थोरवीविषयी. नक्कल करायची म्हणजे मूळ वाद्य उघडून, फळीची जाडी ठिकठिकाणी मोजून, तिचा फुगवटा कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे हाताने समजून घ्यावे लागते. स्त्रादिव्हारी आणि ग्वार्नेरी यांची वाद्ये व्हियोमइतकी बारकाईने त्या काळात फार थोड्यांनी पाहिली. त्याला ही संधी लुईजी तारिसिओ याच्यामुळे मिळाली. हा इटालियन माणूस गावोगावी फिरून मठांतली, शेतकऱ्यांच्या घरांतली जुनी व्हायोलिने गोळा करी आणि पॅरिसला आणून विकी. एक स्त्रादिव्हारी आपल्याकडे आहे, अगदी नवे, न वाजवलेले, असे तो प्रत्येक खेपेस सांगे, पण आणीत नसे. व्हियोमचा जावई आणि नामांकित वादक देल्फँ आलार एकदा वैतागून म्हणाला की तुमचे हे व्हायोलिन मसीहासारखे, म्हणजे येणार येणार म्हणतात त्या तारणहारासारखे, आहे, सगळे वाट पाहतात आणि ते कधी येत नाही. १८५४ मध्ये तारिसिओ मिलानमध्ये एकाकी अवस्थेत मरण पावला. बातमी कळताच १८५५ च्या आरंभी व्हियोम इटलीत पोहोचला आणि सुमारे दीडशे वाद्यांचा तो संग्रह वारसांकडून विकत घेतला. त्यात चोवीसहून अधिक स्त्रादिव्हारी होती. त्यांतच १७१६ चे ते ‘मसीहा’ निघाले. ते व्हियोमने मरेपर्यंत विकले नाही. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

आणि नेमक्या याच व्हायोलिनमुळे व्हियोमचे नकलांतले नाव त्याच्यावर उलटले. ‘मसीहा’ इतके कोरे करकरीत दिसते की ते खुद्द व्हियोमनेच केले असावे, अशी शंका जाणकारांत बराच काळ होती आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिने जोर धरला. तेव्हा वरच्या फळीच्या लाकडातील वाढीची वर्तुळे मोजली गेली. स्प्रूसच्या झाडात दरवर्षी एक वर्तुळ वाढते. थंडीच्या वर्षी अरुंद, उबदार वर्षी रुंद. त्यामुळे वर्तुळांच्या क्रमावरून वर्षे ठरवता येतात. सर्वांत बाहेरचे वर्तुळ १६८० च्या दशकातले निघाले आणि क्रमही त्या काळच्या क्रेमोनाच्या वाद्यांशी जुळला. १७१६ ला हे अगदी बसते. वर्तुळे फक्त लाकडाचे वय सांगतात, हात कोणाचा ते सांगत नाहीत, हे खरे; पण बहुतेक तज्ज्ञांनी त्यानंतर ‘मसीहा’ स्त्रादिव्हारीचेच मानले आहे. एखाद्या कारागिराच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, जगातले सर्वांत प्रसिद्ध व्हायोलिन याने तर केले नसेल ना, असा वाद प्रयोगशाळेपर्यंत जातो, यातच त्याच्या हाताची योग्यता दिसते.

प्रश्न : मी सावंतवाडीस लाकडी वस्तू करतो. व्हियोमच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम कसे चाले? आपल्याकडच्या फणसाच्या किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचे व्हायोलिन होईल काय? (एक कारागीर वाचक)

उत्तर : तीन हजार वाद्ये एका माणसाच्या हातून होत नाहीत. व्हियोमच्या कारखान्यात मिरकूरहून आलेले निवडक कारागीर कामे वाटून करीत आणि लाकडाची निवड, मापे, व्हार्निश यांवर त्याची स्वतःची नजर असे. बाजूच्या पातळ फळ्या तो बाहेरच्या साच्यात बसवून वळवी. स्त्रादिव्हारीची रीत उलट होती; त्याचा साचा आत असे आणि फळ्या त्याच्याभोवती वळवल्या जात. बाहेरच्या साच्याने दर वाद्याचा घेर एकसारखा येतो, आणि मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्याला हेच हवे असते. आपल्यासारख्याला यातला फरक सहज कळेल. स्वस्त वाद्यांची मागणीही त्याने हातची जाऊ दिली नाही: मिरकूरला असलेल्या त्याच्या भावाकडून संगीतकारांची संरक्षक संत मानल्या गेलेल्या संत सेसिलियाच्या नावाने साधी व्हायोलिने तो करवून घेई.

त्याचा गजांचा विभाग तर एक शाळाच होती. दोमिनिक पेकात, पर्स्वा, सिमाँ, व्हॉरँ अशी पुढे स्वतंत्रपणे गाजलेली माणसे त्याच्याकडे राबून गेली, आणि आज त्यांच्या हातचे पण व्हियोमचा शिक्का असलेले गज जाणकार करणाऱ्याच्या नावाने ओळखतात. स्वतः व्हियोमने पोकळ पोलादी गज काढला, वादकाला स्वतःच केस बदलता यावेत असा गज काढला, आणि फ्रांस्वा तूर्त या नामांकित फ्रेंच गजकाराच्या गजांची जाडी टोकाकडे कशी उतरत जाते याचे गणिती सूत्र मांडले. त्याच्या काही गजांच्या मुठीकडच्या तुकड्यावर, शिंपल्याच्या गोल डोळ्याच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढे भिंग बसवलेले असते. उजेडाकडे धरून डोळा लावला की आत त्याचे स्वतःचे इवलेसे छायाचित्र दिसते. गजाचे लाकूड ब्राझीलमधील पर्नांबुको. आपल्याकडे रंगासाठी आणि औषधासाठी वापरतात त्या पतंगाच्या लाकडाचे ते नातलग आहे आणि तेही युरोपात मुळात रंगासाठीच येत असे. ते झाड आता इतके विरळ झाले आहे की २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

व्हियोमला मोठ्या आकाराचेही वेड होते. १८५० च्या सुमारास त्याने ‘ऑक्टोबास’ केला: उंची सुमारे साडेतीन मीटर, तीन तारा, आणि तारांपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून त्या दाबायला तरफा आणि पायपट्ट्या. पॅरिसच्या संगीत संग्रहालयात तो पाहायला मिळतो. वाद्यवृंदात तो रुजला नाही, आणि रुजण्यासारखा नव्हताही. त्याचे अधिक मोलाचे काम मला भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स साव्हार याच्याबरोबरचे वाटते. व्हियोमने आपल्याकडची जुनी इटालियन वाद्ये आणि सुट्या फळ्या साव्हारला अभ्यासासाठी दिल्या. फळीवर वाळू पसरून, ती झंकारली की वाळूच्या कोणत्या आकृती उमटतात हे साव्हार पाही. चांगल्या व्हायोलिनच्या दोन्ही फळ्या सुट्या असताना ठोकल्या तर पाठीचा स्वर वरच्या फळीपेक्षा अर्ध्या ते एका स्वराने चढा असतो, असे त्याला आढळले. आजही अनेक कारागीर जोडणीआधी फळी दोन बोटांत धरून टिचकी मारतात आणि कान देतात.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. वरची फळी वजनाला हलकी पण रेषांच्या दिशेने ताठ हवी, म्हणून थंड डोंगरांत सावकाश वाढलेला स्प्रूस लागतो. तीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीत तिने तारांचा दाब सोसायचा असतो. पांगारा हलका आहे, कोरायला मऊ आहे, म्हणून आपल्याकडच्या खेळण्यांना उत्तम. पण त्याला तो ताठपणा नाही. फणसाची गोष्ट निराळी. तंजावरची वीणा फणसाचीच असते. पाठीसाठी, जिथे युरोपात मेपल वापरतात, तिथे जुना, नीट वाळलेला फणस वापरून पाहण्यास हरकत नाही. रंग आणि आवाज दोन्ही मेपलपेक्षा वेगळे येतील, हे धरून चालावे. पहिला प्रयोग वरच्या फळीवर मात्र करू नये.

प्रश्न : आमच्या व्हायोलिनची कड दर पावसाळ्यात सुटते. कारागिराने काम कच्चे केले असावे काय? (एक वाचक, दापोली)

उत्तर : नाही. व्हायोलिनच्या फळ्या प्राणिज सरसाने जोडतात, व्हियोमही तसेच जोडी, आणि हा सरस ओल व उष्णता यांनी सैल होतो. जुलै-ऑगस्टात आपल्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगते, ताण येतो आणि सांधा सुटतो. सांधा सुटला नाही तर फळी तडकते, म्हणून तो सुटणे हीच वाद्याची सुरक्षितता आहे. चारही बाजू बोटाच्या पेराने हलकेच ठोकत जावे; सुटलेल्या ठिकाणी आवाज पोकळ, किंचित खडखडता येतो. तारा अर्ध्यापर्यंत सैल कराव्यात, मात्र सगळ्या काढू नयेत, कारण तारांचा दाब गेला की आतला साउंडपोस्ट पडतो. सुतारकामाचा पांढरा गोंद लावू नये. तो सांधा पुन्हा उघडू देत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात फळीच फुटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, पेटी समुद्राकडच्या भिंतीला लावून ठेवू नये, आणि सरस लावण्याचे काम शक्य तो दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर करून घ्यावे.